घामाचे दाम, पण कुणाच्या घामाचे?

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कापसाचा उत्पादन खर्च' असा विषय छापला आहे. खर्चाच्या त्या तक्त्यात बियाणे आहे, खत आहे, औषध आहे, बैलांची मेहनत आहे. मी आज त्यातल्या एकाच ओळीवर बोलणार आहे. ती ओळ मजुरीची. ही ओळ आली की मांडवात चुळबुळ सुरू होते, हे मला ठाऊक आहे. मागे एका बैठकीत एक भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मजुरांचं बोलणारे पुढारी ढीगभर आहेत. तुम्ही आमचं बोला." मला तेव्हा त्यांना नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा शेतकरी संघटनेने १९८० नंतर गावोगावच्या भिंतींवर लिहिली. चाकणचा कांदा झाला, निपाणीची तंबाखू झाली, मग आपल्याकडचा कापूस. घोषणा खरी होती, आजही खरी आहे. पण घाम कुणाकुणाचा, हे भिंतीवर लिहिलेले नव्हते. पऱ्हाटीत वाकून वेचणाऱ्या बाईच्या पाठीवरचा घाम त्याच पिकाचा आहे. तिचे दाम बुडवून आपण आपले दाम मागायला निघालो, तर समोरचा व्यापारी आणि मंत्री दोघेही गालातल्या गालात हसतील, आणि त्यांचे चुकेल असे मला वाटत नाही.

निपाणीचे नाव आलेच आहे तर सांगतो. निपाणीत आधी संघटना झाली ती तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायांची. प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्यांनी ती बांधली. त्यानंतर १९८१ साली तंबाखू पिकवणारे शेतकरी भावासाठी पुणे-बंगलोर महामार्गावर बसले. ६ एप्रिल १९८१ ला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. एकाच गावात, एकाच पिकावर, मजूर बाई आणि शेतकरी दोघेही उभे राहिले. एकाचे भले झाले म्हणून दुसऱ्याचे वाटोळे झाले, असे तिथे झाले नाही. आपण निपाणीचे हुतात्मे आठवतो, वखारीतल्या बाया विसरतो.

आणि आपल्याकडे मजूर म्हणजे कोण हो? या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरचे कोणी ना कोणी दुसऱ्याच्या बांधावर कामाला जाते, हात वर करा म्हटले तर कोणी करणार नाही, पण मी गावे पाहिली आहेत. तीन एकर कोरडवाहू, त्यात दीड एकर कपाशी, बाकी ज्वारी-बाजरी. पाऊस दगा देतो, मग बायको वेचणीला, थोरला वाळूजला ठेकेदाराकडे, धाकटा मुकादमाची उचल घेऊन उसाला. साठी ओलांडलेल्यांना ७२ चा दुष्काळ आठवत असेल. तेव्हा वीस एकरवाला आणि भूमिहीन एकाच खडीच्या ढिगावर बसला होता. त्या दुष्काळातूनच रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला, १९७९ च्या जानेवारीत तो लागू झाला. त्यात खोदलेल्या मातीचे माप होते. माती बाईने खोदली की पुरुषाने, मापात फरक नव्हता. आपल्या शेतात मात्र खुरपणाऱ्या बाईला एक रोज आणि शेजारच्याच ओळीत कोळपे धरणाऱ्या गड्याला दुसरा. का, म्हणून विचारले तर उत्तर एकच, "पहिल्यापासून असंच आहे."

आता मी माझ्या पोटातले सांगतो.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. २००२ साली बाहेर पडलो. त्याच वर्षी बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे मी एका औषध कंपनीत नोकरी केली. गावात संध्याकाळी मेळावा घ्यायचा, पडदा लावायचा, अळीची चित्रे दाखवायची आणि पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली ते सांगायचे. शेतकरी वहीत लिहून घ्यायचे. हातमोजे मी एकाही मेळाव्यात दाखवले नाहीत. आमच्या पेटीत टोप्या होत्या, कॅलेंडरे होती, हातमोजे नव्हते.

अशाच एका गावात ऑगस्टच्या अखेरीस मी प्लॉट बघायला गेलो होतो. फवारणाऱ्या पोराला चक्कर आली. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगावरचा सदरा औषधाने भिजून चिकटलेला. शेतमालक माणूस चांगला. स्वतःच्या मोटरसायकलवर मध्ये बसवून त्याला तालुक्याला नेले. दवाखान्याच्या कागदावर मात्र 'पुतण्या' म्हणून नाव लिहिले आणि कारण सांगितले, 'चुकून पोटात गेले.' पोलिसांचे लचांड नको म्हणून. मी शेजारी उभा होतो, गप्प राहिलो. पोरगा वाचला. पण पुढचे दोन महिने त्याच्याने काम झाले नाही, आणि तो कागदावर मजूर नव्हताच, तर भरपाई कोण कुणाकडे मागणार? मालकाने चार दिवसांचा रोज जास्तीचा दिला. तोही चांगुलपणा म्हणून. हक्क म्हणून नाही.

नंतर २०१७ आले. यवतमाळ आपल्याला परके नाही, तिथेही आपल्यासारखीच कोरडवाहू कपाशी. त्या वर्षी पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. मेलेल्यांत शेतमजूर होते, तसे स्वतःच्या रानात स्वतः फवारणारे अल्पभूधारकही होते. शासनाने चौकशी पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले, काही औषधांची विक्री काही काळ थांबवली. पुढे २०२१ मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी थेट स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या न्यायालयात कंपनीविरुद्ध गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. तो निकाल जेव्हा लागेल तेव्हा लागेल. आपल्या बांधावरचा निकाल आपल्या हातात आहे.

शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो, तिथे काय झाले ते समजून घ्या. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी झाली होती, दाट लागवड, हवा दमट आणि कोंडलेली. शेंदरी बोंडअळीने बीटीला जुमानले नाही, मग फवारण्या वाढल्या. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकाच पंपात कालवली गेली. त्यातच पॉवर पंप आले. हातपंपाचा थेंब जाड असतो, खाली पडतो. पॉवर पंपाचा थेंब बारीक, धुक्यासारखा, तो हवेत तरंगतो आणि फवारणाऱ्याच्या अंगावर येतो. छातीएवढ्या कपाशीत नळी खाली धरून फवारता येते. डोक्याएवढ्या कपाशीत ती वर धरावी लागते, म्हणजे औषध आधी आपल्या तोंडावर आणि मग पानावर. आपल्याला वाटते विष पोटात गेले तरच चढते. तसे नाही. भिजलेला सदरा अंगावर तासभर राहिला तर विष कातडीतूनही आत जाते. आणि तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की तो औषधाचा फडकाच होतो, नाकाशी धरलेला.

पण मला सगळ्यात मोठे कारण वेगळेच दिसते, आणि ते कोणत्या बाटलीवर छापलेले नसते. फवारणीचे पैसे आपण कसे देतो? पंपामागे. एवढे पंप, एवढे रुपये. म्हणजे जो भर दुपारी थांबत नाही, वारा उलटा फिरला तरी थांबत नाही, जेवायला हात धुवायला वेळ घालवत नाही, नोझल तुंबले तर तोंडाने फुंकतो, त्याला जास्त पैसे. सावकाश आणि जपून काम करणाऱ्याला कमी. आपण मजुराला विषात घाई करायची मजुरी देतो. वेचणी किलोवर दिली तर फार तर कापसात काडीकचरा येईल. फवारणी पंपावर दिली तर माणूस जातो. म्हणून माझे पहिले मागणे हे की फवारणी दिवसाच्या रोजावर. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि मग उतरत्या उन्हात. मधला वेळ बसून राहिला तरी रोज पूर्ण.

हातमोजे, तोंडावरचा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा हा खर्च मालकाचा. "वापरत नाहीत हो ते, गरम होतं म्हणतात," हे मला दर गावात ऐकवतात. खरे आहे, गरम होते. पंपावर पैसे असतील तर कोण घालील? रोजावर पैसे द्या, दुपारची सुटी द्या, मग घालतात की नाही बघा. आणि बाटलीवरचा त्रिकोण बघायला शिका: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्याचे काम शक्यतो टाळा. चक्कर, मळमळ, घाम, लाळ दिसली की आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात बाटली सोबत न्या. डॉक्टरला औषधाचे नाव कळले तर उतारा देता येतो. काही औषधांना तर उताराच नाही, हेही त्याला लगेच कळले पाहिजे. आणि कागदावर खरे नाव, खरे काम लिहा. पुतण्या लिहू नका.

वेचणीकडे येतो. इथे बायाच आहेत, म्हणून इथे कुणी फारसे बोलत नाही. हिशेब सोपा आहे. किलोला दहा रुपये धरा. चांगली बोंडे फुटलेल्या रानात बाई दिवसाला पस्तीस किलो वेचते असे धरा, साडेतीनशे रुपये झाले. हेच रान शेवटच्या वेचणीला आले की तीच बाई तेवढेच तास वाकून पंधरा किलो वेचते. दीडशे रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज २९७ रुपये होता. म्हणजे शेवटच्या वेचणीला आपण सरकारी खड्ड्याच्या निम्मे देतो. आणि जिच्या अंगाखाली चार दिवसांपूर्वीची फवारणी अजून पानावर आहे तिला कुणी विचारतही नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, बाई-पुरुषाला समान वेतनाचा १९७६ चा. नोव्हेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी वेतन संहिता आली. तिन्हींत शेतमजुराला वगळलेले नाही. शेतापर्यंत येत नाही तो अंमलदार.

तुम्ही म्हणाल, कुठून देऊ? बरोबर आहे, आणि हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. क्विंटलला दहा रुपये किलोने वेचणीचेच हजार रुपये होतात. कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर हमीभावाच्या खाली गेला की आधी काय कापले जाते? बियाण्याची किंमत कापता येत नाही, खताची येत नाही, औषधाची येत नाही. कापता येते ती मजुरी, कारण ती बाई आपल्या गावची आहे आणि दुकानदार तालुक्याचा आहे. वरून आपली लूट होते आणि आपण ती खाली सरकवतो.

पण खाली सरकवून ती संपत नाही, परत वर येते. कशी, ते कृषिमूल्य आयोगाच्या आकड्यात पाहा. २०२४-२५ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ४,७४७ रुपये धरला आणि त्याच्या दीडपट म्हणून हमीभाव ७,१२१. संकरित ज्वारीचा खर्च २,२४७, हमीभाव ३,३७१. हा खर्च म्हणजे पदरचा खर्च अधिक घरच्यांच्या श्रमाची किंमत. यात भाड्याच्या मजुरीचा आकडा कुठून येतो? आपण प्रत्यक्ष दिलेल्या मजुरीतून. पाहणी करणारा माणूस निवडलेल्या शेतकऱ्यांकडून लिहून घेतो, सगळ्या राज्यांची मिळून भारित सरासरी निघते. म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून मजुरी दाबली की कागदावर कापूस स्वस्तात पिकला. स्वस्तात पिकला की दीडपटही कमी. खर्चात मजुरीचा खरा रुपया चढला तर त्याच सूत्राने हमीभावात दीड रुपया चढायला हवा. बाईच्या मजुरीतला वाचवलेला रुपया आपण खिशात घालतो आणि दिल्ली आपल्या खिशातून दीड काढून घेते. सरासरी सगळ्या देशाची असल्यामुळे एका गावाने हे बदलत नाही, हे कबूल. म्हणून तर चळवळ पाहिजे.

यावर एक जुना उपायही आहे. १९९० साली सी. एच. हनुमंतराव समितीने म्हटले होते की खर्च काढताना प्रत्यक्ष दिलेली मजुरी आणि कायद्याने ठरलेली किमान मजुरी यांतली जी जास्त असेल ती धरावी. आपण सी-२ अधिक पन्नास टक्के असे घसा फुटेस्तोवर ओरडतो. ही एक ओळ आपल्या मागणीपत्रात मी कधी पाहिली नाही. ती घातली तर किमान मजुरी ही आपल्यावरचे ओझे राहत नाही, आपल्या भावाची पायरी होते.

उसाचे थोडक्यात. आपल्यातली जी जोडपी कोयता घेऊन जातात त्यांना एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे माहीत आहे. एक दिवस आजारी पडले की खाडा, खाड्याचा दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली. ८२ हजारांवर बायांच्या पाहणीत १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. खाडा परवडत नाही म्हणून बाई शरीर कापून घेते. आपण कारखान्याला आणि मुकादमाला शिव्या देतो, द्यायलाच पाहिजेत. वाळूजचेही तेच. ३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली, आत झोपलेले सहा कामगार मेले. दुसऱ्या दिवशी आपण सगळे विचारत होतो, बाहेर पडायला रस्ता का नव्हता? कारखान्याला जे विचारतो ते स्वतःच्या रानाला विचारायचे की नाही?

मळणी यंत्रात हात गेलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात एक-दोन आहेत. ज्वारीच्या सुगीत, रात्रीच्या उजेडाशिवाय, झोपेच्या भरात कणसे ढकलताना. १९८३ साली यासाठी धोकादायक यंत्रांचा एक केंद्रीय कायदा झाला आहे, यंत्रावर काम करताना मृत्यू झाला किंवा इजा झाली तर भरपाई देण्यासाठीही. मी भेटलेल्या मळणीवाल्यांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता.

आणि अपघात विम्याचे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. २०२३ पासून शासन स्वतः त्यात मृत्यूला दोन लाख रुपये देते, त्यात फवारणीची विषबाधाही येते. पण कुणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. त्याच रानात, तोच पंप पाठीवर घेऊन मेलेल्या भूमिहीनाला त्यात जागा नाही. बांधाच्या अलीकडे मेला तर दोन लाख, पलीकडच्या वस्तीतला असेल तर काही नाही. ही योजना शेतमजुराला लागू करा, ही मागणी शेतकऱ्यांच्या तोंडून गेली तर तिला वजन आहे. ती मजुरांनी केली तर त्यांना मोर्चे काढावे लागतील. आपण केली तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागेल.

तोवर हातावर हात धरून बसायचे कारण नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, बँकेच्या खात्यातून जातो, अपघाती मृत्यूला दोन लाख. आपल्या रानात नेहमी येणारी आठ-दहा माणसे असतील. दोनशे रुपये. एका फवारणीच्या औषधात याच्या कितीतरी पट जातात. मात्र दावा करताना पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद लागतात, म्हणून पुन्हा सांगतो, पुतण्या लिहू नका.

या सगळ्याचा ठराव तयार आहे. फवारणी पंपावर नाही, रोजावर. संरक्षणाचे साहित्य मालकाचे. एका कामाला बाई-पुरुष एक रोज. शेवटच्या वेचणीला किलो नाही, दिवस. हनुमंतराव समितीची ओळ मागणीपत्रात. अपघात योजनेत भूमिहीन. कुणाचा विरोध असेल तर त्याने इथे उठून बोलावे, बाहेर चहाच्या टपरीवर नको. मागच्या टेबलावर मास्क आणि हातमोजे ठेवले आहेत, घालून बघा, पंधरा मिनिटे अंगावर ठेवा, मग गरम होते की नाही ते सांगा. आणि अध्यक्ष महाराज, एक विनंती. पैठणकडून आलेल्या वेचणीवाल्या बायांची परतीची एस.टी. साडेचारची आहे. ठरावावर आधी त्यांना बोलू द्या.